दहावीचा विवेचक

वर्गसमीकरण दहावीतच संपलं, असं आपण धरून चालतो. विवेचक काढला, ऋण आला, ‘वास्तव मुळे नाहीत’ असं लिहिलं, झालं. बारावीला इंटिग्रेशनमध्ये तीच त्रिपदी छेदात येऊन बसते, तेव्हा तिला कुणी ओळख दाखवत नाही. तोवर वहीच्या मागच्या पानावर ‘स्टँडर्ड फॉर्म्स’ची यादी चिकटलेली असते. माझ्या मते ती यादी दुय्यम आहे. अंशात नुसती संख्या आणि छेदात क्ष² + ४क्ष + १३ असेल, तर पूर्ण वर्ग करून (क्ष + २)² + ९ मिळतं. हे कधीच शून्य होत नाही, आणि म्हणूनच उत्तरात टॅन इन्व्हर्स येतो. १३ च्या जागी ३ घाला: अवयव पडतात, लॉग येतो. ४ घातले तर निव्वळ वर्ग उरतो, टॅन नाही की लॉग नाही. विवेचक अनुक्रमे −३६, ४ आणि ०. दहावीत जिथे उदाहरण मिटलं होतं, नेमका तिथूनच कोन निघतो.

पूर्ण वर्ग करण्याची रीत काही कालची नाही. वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने समीकरण गुणायचं, मग मधल्या सहगुणकाचा वर्ग मिळवायचा. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातल्या ‘बीजगणिता’त ती श्रीधराचार्यांच्या नावावर नोंदवली आहे. तिच्यात अपूर्णांकांची कटकटही नाही, तरी शाळेत आपण सहगुणक निम्मा करत बसतो!

यादीला दुय्यम म्हटल्यावर क्लासवाले म्हणतील, सीईटीत ९० मिनिटांत ५० प्रश्न. मूळ शोधायला वेळ कुणाला आहे? तक्रार रास्त आहे, सूत्रं पाठ हवीतच. पण ही सूत्रं दिसायला सारखी, फरक एका चिन्हाचा, आणि घाईत निसटतं ते चिन्हच. विवेचक तोंडी निघतो, आणि चारांपैकी लॉगचे पर्याय ठेवायचे की टॅनचे, हे तिथेच ठरतं.

‘पुढे याचा उपयोग काय’ या प्रश्नाला इंजिनिअरिंगच्या एम-थ्रीत, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, उत्तर आहे. लाप्लास रूपांतराच्या उदाहरणात हीच त्रिपदी छेदात येते. एकक वस्तुमान स्प्रिंगला टांगलं, तर १३ हा स्प्रिंगचा ताठपणा आणि ४ हा हालचालीला होणारा विरोध. विवेचक ऋण असला की वस्तुमान झोके घेत घेत थांबतं. शून्य किंवा धन असला, तर झोके न घेता जागेवर येतं. दाराचा क्लोजर बसवणारा मिस्त्री स्क्रू पिळून विरोध कमी-जास्त करतो, तेव्हा तो याच चिन्हाशी खेळत असतो.