रडणारी पोर आणि डॉक्टरबाई

आमची लेक आता चौथीत आहे. तिच्या जन्मानंतरचे पहिले तीन महिने आम्ही उभयतांनी कसे काढले ते लिहितो आहोत, कारण असलं काही चाळीत कोणी उघड बोलत नाही.

दहा बाय बाराची खोली. पोर दिवसा गपगुमान झोपायची आणि दिवेलागण झाली की जो सूर धरायची तो रात्री दहा-अकरापर्यंत. कोणी म्हणे दृष्ट लागली, कोणी म्हणे बाईला दूध पुरत नाही. शेजारच्या मावशींनी बाळगुटी उगाळून दिली. हजेरीचे पैसे मोडून आम्ही पावडरच्या दुधाचा डबा आणला. रडणं थांबेना.

एका रात्री आम्हां दोघांपैकी एकाने पोरीला दंडांना धरून गदागदा हलवलं. कोणी, ते लिहीत नाही. दुसऱ्याने ओढून घेतली. उजाडेपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. सकाळीच जाऊन केसपेपर काढला.

डॉक्टरबाईंना सगळं खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. पोरीची टाळू, डोळे, हातपाय नीट तपासले. मग म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. पण पुन्हा कधी हलवू नका. तान्ह्या बाळाची मान कच्ची असते, मेंदूत रक्तस्राव होतो. डोकं फिरलं तर तिला गादीवर उताणी ठेवा आणि पाच-दहा मिनिटं गॅलरीत जा. तेवढ्या रडण्याने बाळाचं काही बिघडत नाही."

मग त्यांनी बाळंतिणीला स्टुलावर बसवून समोरच पाजायला लावलं. बाहेर रांग, नर्स कुरकुरतेय, तरी बाई पाहत राहिल्या. खोट तिथेच सापडली. पोर नुसती बोंडी धरत होती. "तोंड जांभईएवढं उघडू द्या, मग जवळ घ्या. भोवतालचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे, हनुवटी छातीला टेकली पाहिजे." पुढच्या काही दिवसांत चिरा भरल्या. पाजताना डोळ्यांत येणारं पाणी थांबलं.

"दिवसाला लंगोट किती ओले?" सात-आठ. जन्माचं वजन 2.7 किलो, सहाव्या आठवड्यात 3.7. "मग दूध पुरतंय. डबा हळूहळू बंद करा. सहा महिने गुटी नाही, वरचं पाणीही नाही." डब्यावरच छापलं होतं की आईचं दूध सर्वांत चांगलं. 1992 च्या कायद्याने ते छापावंच लागतं. आम्हीच वाचलं नव्हतं. बाईंनी शीवच्या रुग्णालयातल्या दूधपेढीचंही सांगितलं. 1989 पासून तिथे दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध अशक्त बाळांना पाजतात.

रडण्याबद्दल म्हणाल्या, ते सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतं, तीन-चार महिन्यांत ओसरतं. मात्र ताप आला, पिणं सोडलं किंवा हिरवी उलटी झाली तर घरी थांबायचं नाही.

शेवटी बापाकडे वळल्या. "तुम्ही रात्री काय करता?" पहाटे पाचला ड्युटी असते, असं उत्तर गेलं. "मग दहापर्यंत पोर तुमच्या खांद्यावर. पाजायला तेवढी आईकडे."

तसंच केलं. चौथ्या महिन्यात संध्याकाळी घर शांत झालं. गेल्या महिन्यात मावशींची सून बाळंत होऊन आली. तिचंही बाळ रडतं. मावशी गुटीचं सामान घेऊन बसल्या होत्या. आम्ही सुनेला आणि तिच्या नवऱ्याला घेऊन दवाखान्यात गेलो.