होडीआधीचे फर्मे

काकडीच्या चकत्या कराव्यात तसे कनू या होडीचे दर फुटावर आडवे काप केले, तर मधला रुंद दिसेल आणि टोकांकडचे लहान होत जातील. हे काप प्लायवूडमध्ये कापून ओळीने उलटे उभे केले की झाले फर्मे. १६ फुटी कनूला ते पंधराएक लागतात. दोन टोकांचे वळणदार वेगळे. कॅनडातल्या पीटरबरो परिसरात एकोणिसाव्या शतकात कारागीर एकाच भरीव लाकडी साच्यावर कनूमागून कनू बांधत. घरी एकच होडी करायची, तिला इतके लाकूड कशाला घालवा?

आराखड्यासोबत मापांचा तक्ता येतो. त्यात १-३-५ असे आकडे असतात: १ फूट, ३ इंच आणि ५ अष्टमांश इंच. म्हणजे शेवटचा आकडा आपल्या सुताराचे सूतच! ही मापे कागदावर पूर्ण आकारात बिंदूंनी मांडायची आणि गाठ नसलेली लवचीक लाकडी पट्टी खिळ्यांच्या आधाराने वाकवून जोडायची. एखादा बिंदू वळणाबाहेर पडला, तर आकड्याचे नव्हे, पट्टीचे ऐकावे. आकडा लिहिताना हात चुकतो. लाकूड मात्र उगाच कोपरा काढून वळत नाही, आणि पुढे होडीवर लाकडाच्याच पट्ट्या चढायच्या असतात.

तक्त्यातली मापे होडीच्या बाहेरच्या अंगाची असली, तर होडीवर चढणाऱ्या पट्टीची जाडी, साधारण दोन सूत, वजा करावी लागते. ती सरळ आडवी मोजून भागत नाही. वळणाला काटकोनात मोजावी लागते. बुडाच्या गोलाईवर नवखा इथेच फसतो.

अर्धाच नमुना करून तो मध्यरेषेवर उलटवला की दोन्ही बाजू जुळतात. करवत रेघेच्या किंचित बाहेरून चालवायची. उरलेले कानशीने घासून रेघेवर आणायचे.

मग पेटीसारख्या लांब, सरळ तुळईवर फर्मे बसवायचे. ताणलेली दोरी, ओळंबा, गुण्या: हत्यारे एवढीच, पण या कामाला वेळ बराच लागतो. प्लायवूडलाही जाडी असते, म्हणून फर्म्याचे टोकाकडचे अंग रेषेवर ठेवून जाडी होडीच्या मध्याकडे घ्यायची. उलट बसवला तर त्याची कड निमुळत्या अंगाबाहेर येते आणि तासत बसावे लागते. शेवटी एक लांब पट्टी सगळ्यांवरून वाकवून पाहायची. ती कुठे अधांतरी राहिली, कुठे उचलली गेली, तर तो फर्मा हलवायचा. आता सोडलेले एक सूत रंगाखालीही लपत नाही.

गोंद चिकटू नये म्हणून कडांना चिकटपट्टी लावली की पट्ट्या चढू लागतात. कवच पुरे झाले, बाहेरून काचकापड चढले की ते उचलून सुलटे करतात. फर्म्यांपैकी एकही होडीत राहत नाही. ते आकडे घालून भिंतीला टांगले जातात. पुढच्या वेळी त्यांच्यातले अंतर जरासे वाढवले, की त्याच फर्म्यांवर थोडी लांब कनू होते.