नोटा मोजणारी बोटं

शंभराची नोट नवी की जुनी, हे माझ्या बोटांना डोळ्यांच्या आधी कळायचं. कॅशमध्ये बसणाऱ्या कुणालाही विचारा. नवी करकरीत असते, हातातून सटकू बघते. जुनी मऊ, पावसाळ्यात तर दमट आणि दुसरीला चिकटलेली. मासळीवालीची ओलसर, पेन्शनर आजोबांची एकही घडी नसलेली. आता मात्र अंगठा आणि नोट यांच्यामध्ये कुणीतरी पातळ बटर पेपर ठेवल्यासारखं वाटतं. नोट दिसते, हाताला लागत नाही. म्हणून प्रत्येक गड्डी आधी मशीनवर जाते, मग माझ्याकडे येते.

हे पॅक्लिटॅक्सेल या कॅन्सरवरच्या औषधाचं देणं. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या जंगलातल्या यू नावाच्या झाडाच्या सालीत 1960च्या दशकात हे औषध सापडलं. झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींना ते दुभंगू देत नाही. पण त्याचा मार नसांनाही बसतो, आणि सगळ्यांत लांबच्या नसांना आधी. म्हणून मुंग्या येतात त्या हातापायांच्या बोटांना. आजार छातीत होता, खूण राहिली बोटांच्या टोकांशी. कधीकधी त्या झाडाचाच विचार येतो. कुठल्याशा ओल्या, धुकट जंगलात उभं असेल. त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्यामुळेच तर मी आज या खिडकीत बसले आहे.

ट्रीटमेंट संपली की लोकांच्या लेखी गोष्ट संपते. केस परत आले, मस्टरवर सही झाली. ‘बरी दिसतेस गं आता!’ दिसतेच मी बरी. पण फाइल कपाटावर गेली तरी गोळी रोजची आहे. पाळी गेलेल्या बाईच्या शरीरातही थोडं इस्ट्रोजेन बनत राहतं, आणि माझ्या गाठीचं खाद्य तेच होतं. लेट्रोझोल ते बनू देत नाही. पाच वर्षं घ्यायचं. मधल्यामध्ये सांधे कुरकुरतात, हाडं विरळ होतात. सकाळी मूठ वळत नाही. कोमट पाण्यात हात धरून बसावं, तेव्हा कुठे कणीक मळता येते. भर एसीत एकाएकी मानेपासून वाफ चढते आणि ब्लाउज घामानं चिंब होतो. समोर गिऱ्हाईक स्लिप धरून उभं. अशा वेळी मी टोकन नंबर उगाच पुन्हा एकदा मोठ्यानं पुकारते. तेवढ्यात कपाळ पुसून होतं.

उजव्या हाताची तऱ्हा वेगळी. काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्यामुळे संध्याकाळपर्यंत त्यात पाणी साचतं, बांगडी रुतायला लागते. घट्ट स्लीव्ह घालायची; त्या हाताला शक्यतो सुई नको, ओझं नको. नाण्यांची पिशवी आमचे शिपाईमामा न सांगता उचलतात. त्यांना कुणी सर्क्युलर पाठवलेलं नाही.

साहेबांनी मात्र मला ‘हलकं काम’ द्यायचं ठरवलं होतं. मागचं टेबल, जुने व्हाउचर. हेतू चांगला होता, हे मान्य. पण इतक्या वर्षांची कॅशिअर मी, मला न विचारताच ठरलं, हे झोंबलं. मला काम कमी नको होतं. मशीन हवं होतं, ट्रे उचलायला एक हात हवा होता, आणि फॉलोअपच्या रजेसाठी दर वेळी आजाराची कथा पहिल्यापासून सांगायला लागू नये, एवढंच.

लोकलच्या अपंगांच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटनाही बसता येतं. तिथेही हातीपायी धड असलेल्या बाईकडे नजरा वळतात आणि कागद बाहेर काढावा लागतो. औषधांनी येतो तो थकवा झोपेनं थोडाफार उतरतो. न दिसणारं दुखणं रोज सिद्ध करून दाखवण्याचा थकवा मात्र साठत जातो. यावर गोळी नाही.

तुमच्या कचेरीत अशी कुणी कामावर परतली, तर तिचं काम परस्पर कमी करू नका. काय जमतं, काय जमत नाही, ते तिलाच विचारा. आणि महिन्याभरानं पुन्हा विचारा, कारण तोवर तिचं उत्तर बदललेलं असू शकतं.