टाळता न येणारे रस्ते

'टाळणे' हे मराठीतले फार सभ्य क्रियापद आहे. नकार देणाऱ्याला जो वाईटपणा घ्यावा लागतो, तो टाळणाऱ्याला घ्यावा लागत नाही. आमंत्रण टाळता येते, विषय टाळता येतो, नजर टाळता येते. मात्र या प्रत्येक वापरात एक गोष्ट गृहीत असते. ती म्हणजे टाळणाऱ्याजवळ दुसरा काही पर्याय आहे. ज्याला दुसरीकडे जाता येत नाही, त्याच्या संदर्भात हे क्रियापद वापरताच येत नाही.

हे सुचण्याचे निमित्त साधे होते. नागपूरहून रविवारी पहाटे सायकली घेऊन बाहेर पडणाऱ्या मंडळींपैकी एक स्नेही आहेत. दोनशे किलोमीटरचे अंतर साडेतेरा तासांत कापण्याच्या ज्या ब्रेव्हे म्हणून फेऱ्या असतात, त्या त्यांनी अनेकदा पूर्ण केल्या आहेत. आमच्या भंडारा जिल्ह्यातले कोणते रस्ते सायकलस्वाराने टाळावेत, याची यादी त्यांनी मला सांगितली. राष्ट्रीय महामार्गाचा कारध्यापासून साकोलीपर्यंतचा पट्टा सूर्य उगवण्यापूर्वी आणि मावळल्यानंतर टाळावा. वैनगंगेच्या रेतीघाटांकडून येणारे रस्ते टिप्परमुळे केव्हाही टाळावेत. तुमसरकडे मँगेनीजची वाहतूक असलेल्या भागात जपून जावे. यादी अनुभवाची होती आणि तिच्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. फक्त ऐकता ऐकता माझ्या लक्षात आले की या यादीतल्या बहुतेक रस्त्यांवरून माझ्या वर्गातली कोणी ना कोणी रोज सायकलने ये-जा करते.

या महामार्गाला इतिहास आहे. इंग्रजी अमदानीत एकोणिसाव्या शतकात नागपूरहून भंडाऱ्यामार्गे रायपूरकडे जाणारी मोठी सडक बांधली गेली. तिला ग्रेट ईस्टर्न रोड म्हणत. त्या काळी सडक ही एवढी अपूर्व गोष्ट असावी की गावांच्या नावांत ती शिरली. लाखनी तालुक्यात पिंपळगाव आहे, ते 'पिंपळगाव सडक'. पूर्वी आमच्याच जिल्ह्यात असलेली आणि १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर तिकडे गेलेली अर्जुनी, ती 'सडक अर्जुनी'. एका नावाची दोन गावे असली की त्यांना नदी, डोंगर किंवा देव यांच्यावरून वेगळे ओळखण्याची आपली रीत आहे. येथे तो मान सडकेला मिळाला. सडक गावाची होती, गाव सडकेचे होते. पुढे ती राष्ट्रीय महामार्ग क्रमांक सहा झाली, २०१० च्या फेरक्रमांकनानंतर त्रेपन्न झाली. दोनाच्या चार मार्गिका झाल्या, मधे दुभाजक आला, लाखनी आणि साकोली येथे उड्डाणपूल झाले. आता तिला कोणी सडक म्हणत नाही. म्हातारी माणसे तेवढी म्हणतात. बाकी सर्वांच्या तोंडी 'हायवे' हा शब्द आहे आणि त्या शब्दात गाव नाही.

धोका नेमका कसा घडतो, हे थोडे नीट पाहिले पाहिजे. कारण 'वाहतूक वाढली' एवढे म्हटल्याने काहीच कळत नाही. सायकल ताशी बारा किलोमीटरने चालते. मागून येणारा ट्रक ऐंशीने. म्हणजे दोहोंमधले अंतर सेकंदाला जवळजवळ एकोणीस मीटरने कमी होते. डिसेंबर-जानेवारीत धुके उतरते, तेव्हा पन्नास मीटरपलीकडचे दिसत नाही. चालकाला सायकल दिसण्यात आणि तिच्यापर्यंत पोहोचण्यात तीन सेकंदही जात नाहीत. ट्रक अगदी जवळून गेला, तर त्याच्या झोताने सायकल आधी बाहेर ढकलली जाते आणि लगेच आत ओढली जाते. रस्त्याच्या डाव्या कडेला सायकलस्वारासाठी म्हणून जी पट्टी उरते, तिच्यावर ढाब्यासमोर ट्रक उभे असतात; धान कापणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल पडलेला असतो. अशा प्रत्येक ठिकाणी सायकलला कडेवरून मुख्य मार्गिकेत यावे लागते. त्यातून हा रस्ता साधारणपणे पूर्व-पश्चिम. हिवाळ्यात संध्याकाळी पाचच्या सुमारास नागपूरकडे निघालेल्या प्रत्येक चालकाच्या डोळ्यांत थेट सूर्य असतो, आणि शाळा-महाविद्यालये सुटण्याची वेळही तीच.

दुभाजकाचा प्रश्न आणखी वेगळा आहे. गाव रस्त्याच्या एका बाजूला आणि शाळा दुसऱ्या बाजूला असेल, तर दुभाजकातली फट जेथे असेल तेथपर्यंत जाऊन परत यावे लागते. सायकलवर हे अंतर पायांनी मोजले जाते. म्हणून मुले उलट्या दिशेने, वाहनांच्या समोरून येतात. नियमाच्या भाषेत ही 'चुकीची बाजू'. ती चुकीची आहेच. पण रस्ता आखताना त्या मुलांची बाजू कोणती असेल, याचा विचार झाला होता का, हा प्रश्न त्या शब्दप्रयोगाखाली दडून जातो.

मग हे रस्ते टाळायचे ठरवले, तर दुसरे काय आहे? आमचा जिल्हा तलावांचा आणि धानाचा. बांध्यांमधून पांदणी जातात, धुऱ्यावरून पाऊलवाटा जातात, मालगुजारी तलावांच्या पाळीवरून गावे एकमेकांना जोडलेली असतात. नागपूरच्या स्नेह्यांना या वाटा दाखवल्या असत्या, तर ते हरखून गेले असते. हिवाळ्यातल्या सकाळी तलावाच्या पाळीवरून सायकल नेण्यासारखे सुख नाही, हे मी स्वतः अनुभवले आहे. पण जुलै ते सप्टेंबर या वाटा चिखलात जातात. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये माती घट्ट बसते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. उरलेल्या महिन्यांत अडचण निराळी. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी शेवटच्या तासिकेला कधीच थांबत नसे. हजेरीपटावर तिच्या नावापुढे त्या तासाला रोज फुली. कारण विचारले, तेव्हा ती खाली पाहत म्हणाली, "मॅडम, सडकेनं गाड्यांचा भेव लागते, न् पांदणीनं माणसांचा."

या एका वाक्यावर मी बराच काळ विचार करते आहे. रहदारीची भीती आणि निर्मनुष्यतेची भीती या दोन्ही तिच्या वाटेवर एकाच वेळी आहेत, आणि एकीतून सुटायचे तर दुसरीकडे जावे लागते. सायकलस्वारांच्या याद्यांमध्ये पहिल्या भीतीची नोंद असते. दुसरीची सहसा नसते, कारण याद्या करणारे बहुतेक पुरुष असतात आणि त्यांना एकांत हा आनंदाचा भाग वाटतो. आडवाट या शब्दाचा अर्थसुद्धा वाटसरूचे लिंग पाहून बदलतो. आमच्या ललितगद्यात आडवाटेचे एवढे कौतुक झाले आहे. तिच्यावरून संध्याकाळी एकटीने घरी जाणाऱ्या मुलीच्या दृष्टीने ते लेखन पुन्हा एकदा वाचून पाहावे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

ती सायकल तिला कोणी दिली, हेही सांगितले पाहिजे. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. शाळा गावापासून पाच किलोमीटरच्या आत असावी, अशी अट असते. ही योजना चांगली आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. बिहारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकली देण्यास सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्या योजनेचा अभ्यास करून २०१७ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले. त्याआधी नव्वदीच्या सुरुवातीला तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरता चळवळीबरोबर हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या, पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलेले अनेकांना आठवत असेल. अक्षर आणि सायकल या दोन गोष्टी तेथे एकाच स्वातंत्र्याची अंगे मानली गेली होती.

तेव्हा शासनाने एका हाताने मुलीला सायकल दिली आहे. दुसऱ्या हाताने तिच्या गावासमोरची सडक अशी केली आहे की त्या सायकलवर बसणे हेच धाडस ठरावे. दोन्ही कामे निरनिराळ्या खात्यांची. दोन्ही खात्यांच्या अहवालांत प्रगतीच नोंदलेली असणार: इकडे इतक्या सायकली वाटल्या, तिकडे इतके किलोमीटर चौपदरी झाले. मुलगी मात्र या दोन अहवालांच्या मधल्या जागेतून सायकल चालवते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ या वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत सायकलस्वार सुमारे ४,८००. राष्ट्रीय महामार्गांची लांबी देशातल्या एकूण रस्त्यांच्या जेमतेम दोन टक्के. मृत्यू मात्र छत्तीस टक्के. सुमारे पाचशे मीटरच्या ज्या तुकड्यात तीन वर्षांत प्राणहानीचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात होतात, किंवा दहा मृत्यू होतात, त्याला 'ब्लॅक स्पॉट' ठरवून दुरुस्तीसाठी घेतात. ही पद्धत शास्त्रीय आहे. पण तिच्यात एक खोच आहे. ज्या वळणाला घाबरून लोकांनी जाणेच सोडले, तेथे अपघात होत नाहीत. म्हणून ते वळण कागदावर सुरक्षित ठरते. शेवटची तासिका सोडणारी मुलगी कोणत्याच ब्लॅक स्पॉटच्या मोजणीत येत नाही. बारावीनंतर जिचे नाव काढून घेतले जाते, ती तर नाहीच नाही. रस्त्याने घेतलेल्या बळींमध्ये अशा सुटलेल्या शिक्षणाची गणना कशी करायची, हा प्रश्न अभियंत्यांप्रमाणे आम्हा शिक्षकांचाही आहे.

भाषेच्या शिक्षकाला आणखी एक गोष्ट खटकते. जिल्हा आवृत्तीत ठरावीक दिवसांनी एक बातमी येते: 'अज्ञात वाहनाच्या धडकेत सायकलस्वार ठार'. या वाक्याची रचना पाहावी. कर्ता नाही. ठार होणारा आहे, ठार करणारा नाही. वाहन आहे, तेही अज्ञात. चालक तर शब्दरूपानेही हजर नाही. सायकलस्वाराचे मात्र नाव, वय, गाव, सारे छापलेले असते. बातमीदाराला सजावट करावीशी वाटली, तर 'काळाने घाला घातला' असे तो लिहितो, आणि मग निदान एक कर्ता मिळतो. पण काळावर गुन्हा नोंदवता येत नाही. 'अज्ञात' या विशेषणाला कायद्यातही स्थान आहे. वाहनाचा शोध लागलाच नाही, तर मृताच्या वारसांना १ एप्रिल २०२२ पासून दोन लाख रुपये भरपाई मिळते. त्यापूर्वी ती पंचवीस हजार होती. वाढ योग्यच झाली. पण जे वाहन पथकराच्या नाक्यांवरून, कॅमेऱ्यांसमोरून जाते, ते गावासमोर येताच अज्ञात कसे होते, हा व्याकरणाच्या पलीकडचा प्रश्न आहे. पदवीच्या वर्गात प्रयोग शिकवताना मी आता हे वाक्य फळ्यावर लिहिते आणि विद्यार्थ्यांना त्यात कर्ता घालून ते पुन्हा लिहायला सांगते. कोणी चालक घालतात, कोणी ठेकेदार, कोणी शासन. एकाने 'रस्त्याने' असे लिहिले होते.

आमच्या काव्यपरंपरेत रस्त्याविषयीचा सर्वांत प्रसिद्ध उपदेश अनंत फंदींच्या फटक्यातला. अवघड वाटेला न लागता माणसाने रुळलेल्या मार्गाने चालावे, असे तो बजावतो. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांच्या सांध्यावर, चोर-लुटारूंच्या आणि पडत्या राज्याच्या काळात, त्या उपदेशात व्यवहाराचे शहाणपण होते. धोपटमार्ग सुरक्षित होता, कारण त्यावर माणसे होती. आज वर्गात ही रचना शिकवताना अडखळायला होते. समोर बसलेल्या मुलींसाठी धोपटमार्ग हाच बिकट झाला आहे, आणि बिकट वाट तर तेव्हा होती तशीच बिकट आहे.

उपाय कोणाला माहीत नाहीत असे नाही. महामार्गालगत, मध्येच न तुटणारा सेवारस्ता. शाळेजवळ दुभाजकाखालून सायकल जाईल एवढा भुयारी मार्ग. पांदणीला मुरूम आणि दिवे. रेतीच्या टिप्परांना शाळेच्या वेळांत बंदी. शेजारच्या नागपूर जिल्ह्यात पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या महामार्गाखाली वन्यप्राण्यांसाठी मार्ग ठेवले आहेत. वाघ, रानकुत्री, हरणे त्यांतून ये-जा करतात, आणि कॅमेऱ्यांनी ते टिपलेही आहे. त्याचे मला मनापासून कौतुक वाटते. प्राण्यांची वाट अडता कामा नये. ते काम होऊ शकले, कारण जनावर कोठून कोठे जाते हे कोणीतरी आधी पाहिले, त्यासाठी न्यायालयापर्यंत भांडण केले आणि मग रस्ता उचलला गेला. मुली कोठून कोठे जातात, हे पाहायला तर जंगलात कॅमेरे लावण्याचीही गरज नाही. सकाळी साडेनऊला कारध्याच्या पुढे कोणत्याही फाट्यावर अर्धा तास उभे राहिले तरी पुरे.

आमच्या हाती होते तेवढे आम्ही या वर्षी केले. वेळापत्रकात शेवटची तासिका काढून सकाळी घेतली. तिची उपस्थिती आता पूर्ण असते. पण वेळापत्रक बदलून रस्ता बदलत नाही, आणि सकाळच्या त्या तासासाठी जानेवारीत तिला धुक्यातच घरून निघावे लागेल, हे मला आणि तिला दोघींनाही ठाऊक आहे.