पोराच्या हाती गाडी देण्यापूर्वी



खताची मात्रा, बीजप्रक्रिया, बोंडअळीचा बंदोबस्त हे माझे नेहमीचे विषय. विस्तार अधिकारी म्हणून इतकी वर्षे गावोगाव हिंडलो, तुमच्या ओट्यावर बसलो, ते याच गोष्टी सांगण्यासाठी. आज मात्र पिकाविषयी बोलायचे नाही. तुमच्या घरात पंधरा-सोळा-सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असेल, तर आजचे बोलणे त्यांच्याविषयी आहे. जमल्यास त्यांनाच हे मोठ्याने वाचायला सांगा.

बांधावर पिकाची पाहणी चाललेली असते. बोलता बोलता घरधनी मोठ्या कौतुकाने सांगतो, "साहेब, आमचा धाकटा आता एकटा ट्रॅक्टर चालवतोय बघा. सरी सोडतो, रोटर मारतो, ट्रॉलीसुद्धा मागं घेतो. अजून पंधरा पुरी नाहीत त्याला!" त्याचे कौतुक मला कळते. मजूर मिळत नाही, वेळेला वाफसा थांबत नाही, आणि घरातला हाताशी आलेला मुलगा कामाला लागला की बापाच्या खांद्यावरचे ओझे हलके होते. शेतकऱ्याच्या मुलाला यंत्र लवकर कळते, हेही खरे. पण मंडळी, तोच मुलगा संध्याकाळी तोच ट्रॅक्टर घेऊन डांबरी सडकेवर येतो, तेव्हा माझ्या छातीत धस्स होते.

रान आणि रस्ता यांत एका बांधाचे अंतर असते, पण दोघांचा कायदा वेगळा. रानात समोरून कोणी येत नाही. तिथे चूक झाली तर सरी वाकडी जाते, फार तर पाइप फुटतो. रस्त्यावर समोरून एसटी येते, मागून डंपर येतो, मधेच शाळेची पोरे सायकलवरून आडवी येतात. तिथली चूक माणसाच्या जिवावर जाते. गाडी हाकता येणे ही एक विद्या झाली. दुसरा काय करील याचा अंदाज बांधून वेळीच आपला वेग कमी करणे ही दुसरी विद्या. पहिली महिन्याभरात येते. दुसरीला वय लागते, सराव लागतो आणि शेजारी कोणीतरी जाणता लागतो.

ज्यांनी बैलावर शेती केली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. नवा खोंड औताला धरताना आपण काय करीत होतो? पहिल्याच दिवशी त्याला तिफणीला कोणी जुंपले नाही. आधी मानेवर रिकामे जू ठेवायचे. मग जोडीला एखादा शहाणा जुना बैल द्यायचा. मग मोकळ्या रानात ओंडका ओढायला लावायचे, पुढे कुळव, आणि तिफण सगळ्यांत शेवटी; कारण पेरणीचा तास चुकला तर वर्षाचे नुकसान. जनावराच्या बाबतीत जी रीत आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळली, तीच कायद्याने वाहनाच्या परवान्यासाठी घालून दिली आहे. आधी शिकाऊ परवाना, सोबत जाणता माणूस, मग परीक्षा, मग पक्का परवाना. ही रीत आपण खोंडाला देतो आणि पोराला देत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता कायदा नेमका काय म्हणतो ते पाहू. आपल्या देशात १९८८ चा मोटार वाहन कायदा लागू आहे. त्याप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवायला वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. १६ वर्षे पूर्ण झालेल्यांना एकच सवलत आहे. पालकाच्या लेखी संमतीने त्यांना ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचा परवाना मिळू शकतो. इथेच आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. "बिनगिअरची गाडी सोळाव्या वर्षी चालते," असे गावोगाव म्हटले जाते. १९७२ मध्ये लुना आली, ती ५० सीसीची होती. त्या काळी ही सवलत कामाची होती. आज दुकानात ज्या बिनगिअरच्या स्कूटर मिळतात त्या बहुतेक १०० सीसीच्या वरच्या आहेत. गिअर नसला तरी त्या अठराच्या आत चालत नाहीत. ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणारी आणि २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची विजेची दुचाकी तेवढी कायद्याने मोटार वाहन धरली जात नाही. घेताना "हिला लायसन लागत नाही" या विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका, कागदावर वेग आणि शक्ती तपासा.

आणि ट्रॅक्टर? ७५०० किलोच्या आतला ट्रॅक्टर कायद्याच्या व्याख्येत हलक्या मोटार वाहनात येतो, म्हणजे मोटारीच्याच पंक्तीला बसतो. त्याला १८ वर्षे आणि परवाना दोन्ही लागतात. "शेतीचे वाहन आहे, त्याला काय लागते?" हे म्हणणे रस्त्यावर टिकत नाही.

परवाना काढणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. परिवहन खात्याच्या 'सारथी' या संकेतस्थळावर अर्ज भरता येतो. वयाचा आणि पत्त्याचा दाखला व प्रकृतीविषयीचे स्वयंघोषणापत्र लागते. २०२१ पासून महाराष्ट्रात आधार कार्डाच्या आधारे शिकाऊ परवान्याची चाचणी घरबसल्याही देता येते. चाचणीत रस्त्याच्या खुणा आणि नियम यांवर १५ प्रश्न असतात, त्यांतले ९ बरोबर यावे लागतात. सरकारी फी काही शे रुपयांतच भागते. त्यापलीकडे कोणी हजारांत आकडा सांगू लागला, तर तो आकडा सरकारचा नव्हे.

घरबसल्या चाचणीची सोय झाली, तशी एक खोडही लागली आहे. मुलगा खुर्चीवर बसतो आणि उत्तरांची बटणे त्याच्या मागे उभा असलेला दुसराच कोणी दाबतो. पालकही म्हणतात, काम झाले ना, मग झाले! अहो, चाचणीचे बटण दुसऱ्याने दाबले, पण वळणावर ब्रेक दाबायला तो दुसरा येणार आहे का? त्या पंधरा प्रश्नांमागे शे-दीडशे खुणा आहेत. चार संध्याकाळी घरातल्यांनी मिळून त्या पाठ केल्या, तर बापालाही दोन-चार नव्याने कळतील.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. तो मिळाल्यावर किमान ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते, आणि ती या सहा महिन्यांत उरकावी लागते. हा काळ म्हणजे जुन्या बैलाच्या जोडीने चालण्याचा काळ. गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर तांबड्या रंगात 'एल' हे इंग्रजी अक्षर लावायचे. मोटार शिकत असेल तर पक्का परवाना असलेला माणूस वेळप्रसंगी गाडी थांबवता येईल असा शेजारी बसलेला हवा. दुचाकी शिकत असेल तर मागे शिकवणाऱ्याखेरीज कोणीही बसवायचे नाही. मित्र नाही, बहीण नाही, आजीही नाही. तीन-तीन पोरे एका गाडीवर बसून यात्रेला जातात, त्यांच्यापैकी एकाच्या खिशात शिकाऊ परवाना असला तरी तो त्या क्षणी कागदाचा तुकडाच असतो.

पक्क्या परवान्यासाठी मोटार वाहन निरीक्षकासमोर गाडी चालवून दाखवावी लागते. गाडी आपणच न्यायची, आणि तिचा विमा व इतर कागद चालू असले पाहिजेत. जिल्ह्याचे कार्यालय दूर पडत असेल तर तालुक्याच्या ठिकाणी आरटीओचे शिबिर कधी असते ते विचारून ठेवा. एक दिवस मोडतो, मान्य आहे. पण तिशीच्या आत काढलेला परवाना वयाच्या चाळीस वर्षांपर्यंत चालतो. बाजाराला जाऊन तोट्यात माल विकण्यात आपले किती दिवस मोडतात याचा हिशेब केला, तर हा एक दिवस महाग नाही.

"साहेब, आमच्या गावात धरतो कोण?" हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. त्यावर मी त्यांना आमच्या भागातली एक हकिकत सांगतो. हंगामाचे दिवस होते. सतरा वर्षांचा मुलगा उसाची ट्रॉली घेऊन कारखान्याच्या वाटेला लागला. अंधार पडता पडता चाक बसले. ट्रॉलीला मागे परावर्तक नव्हता, की दिवा नव्हता. गाडी निम्मी रस्त्यावरच उभी करून तो पुढे फोन लावायला गेला. मागून दुचाकीवरून येणारा तरुण त्या उसात शिरला आणि जागीच गेला. त्याच्या घरी तान्हे मूल होते. मुलाला परवाना नव्हता. विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असा निकाल झाला. मालक म्हणजे मुलाचा बाप. विहिरीजवळचा बागायती एकर विकून त्याने पैसे भरले. एकर परत घेता येईल एखादे वेळी. पण तो मुलगा आता घराबाहेर फारसा पडत नाही, आणि दुसऱ्या घरातले ते मूल बापाशिवाय वाढते आहे. दोन्ही घरे शेतकऱ्यांचीच. त्या रात्री कोणी 'धरले' नव्हते, हे मात्र खरे.

२०१९ मध्ये या कायद्यात जी दुरुस्ती झाली, ती पालकांनी नीट समजून घ्यावी. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक आणि वाहनाचा मालक दोषी धरले जातात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, म्हणजे ऐन हंगामात ट्रॅक्टर दारात उभा. आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे होईपर्यंत परवाना मिळत नाही. आपल्याला हे ठाऊक नव्हते, किंवा आपण पुरेशी खबरदारी घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावरच आहे. "न सांगता नेली हो" एवढे म्हणून सुटका नाही. किल्ली खुंटीला लटकत होती ना?

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. सगळ्या देशाने त्यावर चर्चा केली. आपल्या पारावरही झाली. "श्रीमंतांची लाडावलेली पोरं," असे आपण म्हणालो आणि उठून घरी आलो. दारात आपला सोळा वर्षांचा मुलगा दुचाकीला किक मारीत होता. गाडीची किंमत वेगळी असेल. पण किल्ली देणारा हात दोन्हीकडे घरातलाच.

मग अठरा होईपर्यंत मुलाने हात बांधून बसावे का? मुळीच नाही. शिकण्यासारखे पुष्कळ आहे. टायरची हवा, तेलाची पातळी, बॅटरीचे पाणी पाहायला शिकवा. ट्रॅक्टरला डावा-उजवा असे दोन ब्रेक का असतात ते समजावून सांगा. रानात वळताना एकच दाबतात. रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही पेडल कडीने एकत्र जोडायलाच हवीत, नाहीतर घाईत एक दाबला जाऊन ट्रॅक्टर फिरतो. उतारावर न्यूट्रल का करू नये, भरलेली ट्रॉली मागून ढकलते म्हणून आधीच खालचा गिअर का घ्यावा, मडगार्डवर माणूस का बसवू नये, पीटीओ फिरत असताना सैल कपडा जवळ का नेऊ नये, हे सारे त्याला कारणासकट सांगा. ट्रॉलीला परावर्तक चिकटवण्याचे काम त्याच्याकडेच सोपवा. ज्याने स्वतःच्या हाताने परावर्तक लावला, तो अंधारात ट्रॉली रस्त्यात सोडून जाणार नाही.

आणि हे सगळे मुलीलाही शिकवा. कॉलेजची एसटी चुकली की तिचा दिवस बुडतो, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचे तर घरातला गडी येईपर्यंत बसून राहावे लागते. अठरा पूर्ण झालेली मुलगी परवाना घेऊन दुचाकी चालवू लागली की घराची दोन चाके वाढतात. तिला स्थळ कसे येईल याची चिंता करणाऱ्या आज्यांना मी सांगतो, हेल्मेट घातलेल्या नातीचे रूप काही कमी होत नाही. हेल्मेट चालवणाऱ्याला हवे, तसे मागे बसणाऱ्यालाही हवे. कायद्याने चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते लागते.

शेवटी एक सुचवतो. आपण म्हशीच्या विण्याची, उसाच्या लागणीची, सोसायटीच्या हप्त्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडून ठेवतो. तिथेच मुलाच्या किंवा मुलीच्या अठराव्या वाढदिवसावर एक खूण करा. तोवर किल्ली खुंटीला नको, कपाटात ठेवा. आणि तो दिवस आला की केक आणा न आणा, शिकाऊ परवान्याचा अर्ज मात्र त्याच आठवड्यात भरा. पुढचे सहा महिने आठवड्यातून दोनदा तासभर त्याच्या शेजारी बसा. न ओरडता बसा. आपल्या बापाने आपल्याला पाभर धरायला शिकवली तेव्हा तो मागून चालत होता, म्हणून आपले तास सरळ गेले. बैल गेल्यावर झोपा करण्यात काय हशील, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.