संबोधनाचा अवधी

‘अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि बालमित्रांनो’ या संबोधनाची पुष्कळ थट्टा होते, आणि ज्यांनी ते शाळेच्या व्यासपीठावरून कधीकाळी म्हटलेले असते तेही मोठेपणी त्या थट्टेत सामील होतात. परंतु १ ऑगस्टला, लोकमान्य टिळकांच्या पुण्यतिथीला, शाळाशाळांतून होणारी भाषणे लक्ष देऊन ऐकली, तर या ठरीव ओळीचे मोल ध्यानात येते. ती म्हणताना काही आठवावे लागत नाही, म्हणून तेवढ्या अवधीत मूल समोरच्या चेहऱ्यांकडे पाहू शकते, आपला आवाज कुठवर पोचतो ते ऐकू शकते आणि पहिला पुरता श्वास घेऊ शकते. नारदीय कीर्तनात पूर्वरंगाला, म्हणजे तत्त्वनिरूपणाच्या भागाला, हात घालण्याआधी कीर्तनकार नमन करतो. ते देवाला केलेले वंदन असतेच, पण गळा आणि श्रोते यांचा परस्परांशी परिचयही तिथेच होतो. संबोधन आटोपते घेऊन एखाद्या चटकदार सुवचनाने सुरुवात करण्याचा आग्रह धरणारे शिक्षक मुलाजवळचा हा अवधी काढून घेतात, आणि हे नुकसान लहान नाही.

आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत या अवधीची गरज सर्वाधिक भासते, कारण तिथे एकही चेहरा ओळखीचा नसतो आणि परीक्षक गुण मांडण्यासाठी मान खाली घालून बसलेले असतात. अशा वेळी धीट मूल आणि भित्रे मूल असे दोन कप्पे करण्याची घाई होते. मात्र मोहनदास गांधी यांचे उदाहरण या कप्प्यांत बसत नाही. १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरियात, नव्याने गेलेल्या मुलखात, हिंदी व्यापाऱ्यांच्या सभेत त्यांनी व्यवहारातील सचोटीवर भाषण केले, जे त्यांच्या मते त्यांचे पहिले जाहीर भाषण म्हणता येईल, आणि ते नीट पार पडले. पुढे सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या स्थितीविषयी सभा ठरली. मेहुण्याच्या निधनानंतर लगोलग ते तेथे पोचले होते, जागरणाने थकलेले होते आणि आवाजही बसलेला होता. भाषण उत्स्फूर्त करावे असे त्यांच्या मनात होते, परंतु मुंबईचे पुढारी फिरोजशहा मेहता यांनी ते आदल्या रात्रीतच लिहून छापून घ्यायला लावले. दुसऱ्या दिवशी गच्च भरलेल्या सभागृहात हाती छापील मजकूर असूनही गांधी थरथरू लागले. फिरोजशहा ‘आणखी मोठ्याने’ म्हणून उत्तेजन देत राहिले आणि त्यामुळे आवाज चढण्याऐवजी उतरतच गेला, असे आत्मकथेत नमूद आहे. गांधींचे जुने मित्र केशवराव देशपांडे मदतीला धावले, त्यांचा आवाज खणखणीत होता, तरी श्रोत्यांनी त्यांना ऐकून घेतले नाही. ‘वाच्छा, वाच्छा’ असा पुकारा झाला, मुंबईचेच दुसरे पुढारी दिनशा वाच्छा उभे राहिले, आणि तोच मजकूर त्याच सभेने शेवटपर्यंत शांतपणे, टाळ्यांची साथ देत ऐकला.

मजकूर एकच, सभा एकच, आणि तरी तीन आवाजांना तीन वेगळी उत्तरे मिळाली. यावरून आत्मविश्वास हा एखाद्याच्या अंगी कायमचा असणारा गुण नसून बोलणारा आणि ऐकणारे यांच्यामध्ये त्या त्या वेळी जुळणारे नाते आहे, असे मानणे अधिक रास्त ठरते. ‘मोठ्याने बोल’ ही सूचना फसण्याचे कारण तर शरीरातच आहे. भीतीच्या क्षणी मूत्रपिंडांवरील ग्रंथी ॲड्रेनलीन हे संप्रेरक, म्हणजे रक्तातून संदेश पोचवणारे द्रव्य, सोडतात. तोंड कोरडे पडते, श्वास छातीच्या वरच्या भागातच अडकतो आणि गळ्याचे स्नायू आवळतात. आवाजाचा मोठेपणा मात्र मुख्यतः स्वरतंतूंखालच्या हवेच्या दाबावर अवलंबून असतो, त्यामुळे अपुऱ्या श्वासावर ताण दिला की आवाज फाटतो किंवा विरतो. अशा मुलाला ‘थांब, श्वास घे’ एवढे सांगणारा शिक्षक भेटावा.

स्पर्धा भरवणाऱ्यांनी म्हणूनच काही साध्या गोष्टी कराव्यात: सकाळी रिकाम्या सभागृहात प्रत्येक स्पर्धकाला एकदा व्यासपीठावर उभे राहू द्यावे, प्रमुख पाहुण्यांच्या उंचीला लावलेला ध्वनिक्षेपक प्रत्येक मुलासाठी खाली घ्यावा, आणि संबोधन संपेपर्यंत तरी परीक्षकांनी कागदावरून नजर उचलून त्या मुलाकडे पाहावे.