पाटे, स्प्रिंगा आणि एक विंचू

आमच्या गावात, न्हावऱ्यात, गाडीच्या खालचं काही बदलायचं तर कारण एकच असतं: जास्त माल बसावा. पिकअप दारात आली की पहिल्याच महिन्यात मागं एक पाटा वाढवतात. ट्रॉली बांधायला टाकली की कारागिराला बजावतात, "पाटे जाड टाक, रिकामी उडाली तरी चालंल." डेअरीला दूध घालणाऱ्यांच्या एम-एटीला दोन्ही बाजूंनी कॅन लटकायचे, मग मागच्या शॉकअपवर जाड तारेची स्प्रिंग चढायचीच. गाडी आधी वर उचलायची, ओझ्यानं ती खाली येते आणि हिशेब जमतो. त्यामुळं आम्ही मित्रांनी एक चांगली चालती गाडी पत्र्याच्या शेडमध्ये स्टँडवर घेतली आणि स्प्रिंगा काढून तिला मुद्दाम कडक आणि बोटभर खाली केली, तेव्हा बघायला आलेल्यांना नेमकं काय विचारावं हेच कळेना. "आता माल किती बसंल?" एकानं शेवटी विचारलंच.

धक्क्यांशी माझी ओळख टायरगाडीनं करून दिली. घोडगंगा सहकारी साखर कारखाना आमच्या गावालाच. हंगाम लागला की ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या आणि खाली होऊन फडाकडं परतणाऱ्या टायरगाड्यांना मागून लोंबकळणं हा आम्हा पोरांचा संध्याकाळचा उद्योग. टायरगाडीचा लोखंडी आख थेट साट्याला जखडलेला. मध्ये पाटा नाही, स्प्रिंग नाही. लवचीक म्हणावी अशी वस्तू एकच, टायरातली हवा. उसानं भरलेली गाडी शांत चालायची आणि रिकामी गाडी हाडं खिळखिळी करायची. त्यामागचं गणित पुढं आयटीआयला शिकलो, पण ओझं असलं की हिसका कमी बसतो हे तेव्हाच अंगानं शिकवलं होतं. त्याआधीच्या पिढीच्या लाकडी चाकांत तर हवाही नव्हती. बाभळीचे आरे, लोखंडी धाव आणि खाली हेलकावे खाणारं वंगणाचं नळकांडं. यात्रेला निघताना साट्यात कडब्याच्या पेंढ्या अंथरायच्या आणि वर घोंगडी टाकायची. सस्पेन्शन म्हणून जे काय होतं ते तेवढंच, आणि मुक्कामाला पोचल्यावर ते बैल खाऊन टाकायचे.

केवळ वेगासाठी बांधलेलं वाहन आम्हा शिरूर-खेड-आंबेगावच्या लोकांना नवीन नाही. घाटातला बैलगाडा दुसरा कशासाठी असतो? त्यात कुणी बसत नाही, माल भरत नाहीत. बैल, पुढं घोडी, मागं जेमतेम जोडलेलं हलकं लाकूड, आणि बारी सेकंदात मोजायची. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या आणि मे २०२३ च्या निकालानं कायम झाल्या. मधल्या काळातही लोकांनी शर्यतीचे बैल सांभाळले, त्यांना खुराक घातला, घाटाच्या गप्पा मारल्या. जे लोक सात वर्षं पळण्याची बंदी असलेल्या बैलाला अंडी-दूध पाजतात, त्यांनी मला "ही खाली घेतलेली गाडी काय कामाची?" असं विचारू नये, असं माझं मत आहे. विचारतात मात्र तेच.

कॉलेजला शिरूरला, बोरा कॉलेजात जायला एसटी. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला नगरहून पुण्याला निघाली ती शिरूरवरूनच गेली, त्यामुळं आम्हाला एसटीचा अभिमान जरा जास्त. त्या पहिल्या गाडीपासून आमच्या काळातल्या लाल डब्यापर्यंत खालची रचना तीच: पोलादी पाट्यांची चवड, मधून बांधलेली, दोन्ही टोकांना वर वळलेली. शेवटचं बाक मागच्या आखाच्याही मागं येतं. चाक उचललं की ते बाक चाकापेक्षा जास्त उचलतं. शहाणी माणसं पुढं बसायची. आम्ही धावत जाऊन मागचं बाक धरायचो ते उडायला मिळावं म्हणून. आता त्या वयाकडं बघताना वाटतं, धक्का नको असतो हे पूर्ण खरं नाही. नको असतो तो बेसावध बसलेला धक्का.

मग रांजणगावची एमआयडीसी आली आणि तालुक्याचा चेहरा बदलला. गणपतीच्या शेजारी फियाटचा कारखाना. २००९ साली तिथून लिनिया आणि ग्रँडे पुंटो बाहेर पडल्या. फियाट महाराष्ट्राला जुनी; वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीनं कुर्ल्यात वर्षानुवर्षं फियाटच बांधली, तीच पुढं पद्मिनी झाली. हेच वालचंद आमच्या जिल्ह्यात इंदापूरला वालचंदनगरचा साखर कारखाना काढणारे. ऊस आणि मोटारी यांचा संबंध आमच्याकडं असा दोन पिढ्यांचा आहे, फक्त कुणी तसा जोडून बघत नाही.

ऑक्टोबर २०१५ मध्ये त्याच रांजणगावातून अबार्थ पुंटो आली. दिसायला घरगुती पुंटो, आत १४०० सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि जमिनीपासून उंची १५५ मिलिमीटर. शून्यापासून शंभरचा वेग पावणेनऊ सेकंदांच्या आसपास. किंमत दहा लाखांच्या आत. अशा गाडीला गिऱ्हाईक थोडं असतं आणि जे असतं ते वेडं असतं. माझे दोन वर्गमित्र तेव्हा एमआयडीसीत कामाला होते. एकाच्या मोबाइलमध्ये पांढऱ्या गाडीवरच्या लाल पट्ट्याचा फोटो मी कितीतरी वेळा मागून बघितला. नवी घेणं जमलं नाही. पुढं वापरलेली मिळाली, मुंबईहून. रांजणगावात जन्मलेली, मुंबईला नांदलेली गाडी चौफुल्यावरून वळून न्हावऱ्यात शिरली तेव्हा आजीनं चष्मा वर करून पुढचा बिल्ला न्याहाळला.

"इंचू कशापायी लावलाय रं?"

कार्लो अबार्थ १५ नोव्हेंबरला जन्मला, त्याची रास वृश्चिक, म्हणून त्यानं १९४९ साली कंपनी काढताना विंचवाचा शिक्का घेतला, एवढं सगळं मी आजीला सांगितलं. राशीचा मुद्दा तिला पटला. "मंग बरोबर हाय," म्हणाली. बाकी महाराष्ट्रात विंचू म्हटलं की नाथांचं भारूड आठवणार. व्हिएन्नाच्या माणसाची पत्रिका कुणाच्या डोक्यात येणार?

गाडी आली तेव्हाच तिचे शॉकअप थकलेले होते. फियाटच्या बिल्ल्याच्या गाड्या २०१९ नंतर इथं विकायच्या थांबल्या, त्यामुळं अबार्थचे मूळ सुटे भाग मिळवणं म्हणजे दहा ठिकाणी फोन. पण त्याच सांगाड्याच्या पुंटो युरोपात पुष्कळ, तिथं त्यांच्यासाठी किट बनतात: दंडगोल, त्यावर आटे, आट्यांवर फिरणारी चकती, चकतीवर स्प्रिंग. चकती फिरवली की उंची कमी-जास्त. असं किट मागवलं. इथं एक गोष्ट सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल, दोन्ही गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाहीत. रस्त्यावर घासत जाणाऱ्या गाड्यांचं मला कौतुकही नाही. आमचं खाली घेणं बोटभर होतं, आणि तेवढंच असावं हे आमच्या गतिरोधकांनीही ठरवून टाकलेलं. नियमानं गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे ऐसपैस गोलाई हवी. आमच्याकडं अपघात झाला की रातोरात, हाताला लागेल त्या मुरूम-डांबरात गतिरोधक उभा राहतो. त्याला रुंदी नसते, नुसती उंची असते.

शेड म्हणजे पूर्वीचा गोठा. खाली कोबा केलेला, म्हणून जॅक रुतत नाही. आम्ही चौघं: कंपनीत असेंब्ली लाइनवर राहिलेला एक, वेल्डिंगचं दुकान असलेला एक, स्वतःचा ट्रॅक्टर असलेला एक आणि मी. कंपनीवाल्यानं टॉर्क पाना आणला होता, ठरावीक ताण झाला की टक् असा आवाज करणारा. वेल्डिंगवाल्याला त्या पान्याचा मनापासून राग. "नट किती आवळायचा ते हाताला कळतं," हे त्याचं तत्त्वज्ञान, आणि ट्रॉलीच्या बाबतीत ते खरंही आहे. ट्रॅक्टरवाल्यानं बाभळीचे ठोकळे आणले आणि जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून लावले. काढलेली चाकं गाडीच्या खाली आडवी सरकवली, जॅक निसटलाच तर गाडी त्यांच्यावर बसावी म्हणून. हे मात्र तिघांनाही न सांगता ठाऊक होतं.

पुढची रचना मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनियरची. १९५० च्या फोर्ड कॉन्सलमध्ये ती गाजली आणि आपल्या मारुती ८०० पर्यंत पोचली. स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात. वर बॉनेटखाली एक नट, खाली चाकाच्या सांध्याला दोन बोल्ट, मध्ये ब्रेकचा पाइप आणि एबीएसची तार अडकवलेली. तार आधी सोडवायची, नाहीतर खांब खाली लोंबकळला की ती तुटते. लिंक रॉडचा नट नटाबरोबर दांडाही फिरवत बसला. वेल्डिंगवाल्यानं आतून ॲलन की धरली, बाहेरून पाना टाकला, रॉकेल शिंपडलं, थोडी वाट बघितली आणि एक शिवी हासडली. नट सुटला.

जुना शॉकअप मी हातात घेतला. अंगावर तेल झिरपून त्यावर धूळ बसलेली, काळा चिखल वाळून खपली झालेली. दांडा तळहातानं दाबला तर लोण्यासारखा आत गेला आणि आतच राहिला. नवा दाबायला दोन्ही हात आणि छाती लावावी लागली. सोडल्यावर तो सावकाश, एका लयीत वर आला. आत तेल आहे, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं. तेल त्या भोकांतून घुसमटत जातं आणि उडीचा जोर उष्णतेत जिरतो. खड्ड्याचा मार स्प्रिंगच झेलते, पण झेलल्यावर थांबायचं कसं हे तिला समजत नाही. शॉकअप तिला थांबवतो. गाडी खड्ड्यानंतर तीनदा-चारदा डोलत राहिली तर समजावं, स्प्रिंग ठणठणीत आहे आणि तिला आवरणारा संपलाय.

स्प्रिंग दाबून धरायचे शिकंजे लावले तेव्हा कंपनीवाल्यानं सगळ्यांना बाजूला केलं. "तोंडासमोर कुणी थांबायचं नाही." दाबलेल्या स्प्रिंगेत शेकडो किलोंचा जोर असतो, निसटली तर पत्रा फोडून जाईल. घरातले वडीलधारे अण्णा खाट टाकून बघत बसले होते, त्यांनीही खाट सरकवली.

मागचं काम सोपं. मागं स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. मधला दांडा जॅकनं हळूहळू खाली सोडला की स्प्रिंग आपसूक हातात येते. एकच पथ्य: रबरी बुशातून जाणारे बोल्ट गाडी हवेत असताना पुरते आवळायचे नाहीत. चाकं लावून, गाडी जमिनीवर उभी करून, तिचं वजन तिच्या पायांवर आल्यावर आवळायचे. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. वेल्डिंगवाल्याला हे एकदम पटलं. बुशाला त्यानं टॉर्क पाना स्वतःहून मागितला आणि टक् आवाज आल्यावर कुणाकडं बघितलं नाही.

कडक म्हणजे किती कडक, यावर आमची बरीच वादावादी झाली. घरगुती गाडीची स्प्रिंग सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा डोलेल अशी ठेवतात. माणसाच्या चालण्याची लय तीच, म्हणून ती अंगाला सोसते. वेगाची गाडी दीड-दोनकडं झुकते. १९३० च्या दशकात मॉरिस ऑली नावाच्या इंग्रज इंजिनियरनं अमेरिकेत कॅडिलॅकमध्ये काम करताना आणखी एक मेख शोधली. खड्ड्यात पुढचं चाक आधी जातं, मागचं नंतर. मग मागची बाजू पुढच्यापेक्षा जरा चपळ डोलू द्यायची, म्हणजे उशिरा निघूनही ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी नाक मुरडत न बसता सपाट राहते. ट्रॅक्टरवाल्यानं हे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजी पुढला बैल आणि मागला बैल एका पावलात आणायचे." ऑलीला हे वाक्य आवडलं असतं.

चाकांची अलाइनमेंट शिरूरला करून घेतली आणि परतल्यावर आलेगाव पागामार्गे भीमेच्या पुलापर्यंत गेलो. अण्णा पुढच्या सीटवर. उसाच्या ट्रॉल्या जाऊन गेलेल्या रस्त्यावर सांडलेल्या कांड्या पडलेल्या. चाक त्यांच्यावरून गेलं की एकेक कांडी स्टिअरिंगमधून बोटांना कळत होती. डांबर कुठं संपलं, ठिगळ कुठं लागलं, साइडपट्टी कुठं खचली, सगळं हाताशी. वळणावर गाडी कलली नाही. कंपनी सरासरी माणसासाठी गाडी बांधते, आणि सरासरी माणूस मला अजून न्हावऱ्यात भेटलेला नाही. म्हणून इथं प्रत्येक जण आपापली गाडी बदलून घेतो. कुणाला कांदा भरायचा असतो, कुणाला दूध, आणि एखाद्याला रस्ता हातात हवा असतो.

अण्णांनी पुलावर तोंड उघडलं. "पैसं देऊन टायरगाडी केली की रं."

घरी आलो तर शेजारचे तात्या पिकअप घेऊन शेडच्या तोंडाशी उभे. आमचे पाने, जॅक, स्टँड अजून आवरायचे होते. त्यांनी अबार्थभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून बघितलं, चाकाच्या वरच्या फटीत बोटं घालून बघितली आणि काही बोलले नाहीत. मग पिकअपचं फाळकं खाली पाडलं. आत गोणपाटात गुंडाळलेला एक नवा, ग्रीस लावलेला पाटा होता.

"पोरं जमलीच हाईत तर एवढा टाकून द्या," तात्या म्हणाले. "चार-आठ दिसात कांदा निघतोय."

वेल्डिंगवाल्यानं टॉर्क पाना डब्यात ठेवला आणि घण काढला.